गटार, दिवे आणि बंदोबस्त

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्रात १६ ठिकाणं, त्यात आमचं ठाणे. भोंगे वाजले, दिवे घालवले, धडधाकट पोरांना जखमी म्हणून स्ट्रेचरवर निजवलं. त्याआधी पंधरवड्यावर पहलगामला २६ माणसं मारली गेली होती. त्यातले तिघे आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. तेव्हा सरावाला नावं ठेवायचा माझा विचार नाही, व्हायलाच हवा.

पण तारीख बघून मी थबकलो. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली होती. न्यायमूर्ती मादन यांचा आयोग तिच्या चौकशीला बसला होता. दिल्लीत कुणी पंचांग बघून तारीख काढली नसणार, योगायोगच. तरी भिवंडीकराच्या मनात प्रश्न येतोच. वरून बॉम्ब पडला तर काय करायचं ते शिकवलं. रात्री साडेअकराला मोबाईलवर ‘अमक्या गल्लीत आपल्या पोराला मारलं’ असं आलं, तर काय करायचं? त्याला भोंगा नाही.

माझं दुकान यंत्रमागाच्या सुट्या भागांचं. शटल, पिकर, पट्टे, बुश. वडिलांनी टाकलं, मी चालवतो. बाहेरच्यांना वाटतं भिवंडी म्हणजे हिंदू आणि मुसलमान, संपलं. इथे विणकरीतले मोमीन मुसलमान आहेत, घरात मराठीच्या जवळची बोली बोलणारे कोकणी मुसलमान आहेत, तेलुगू विणकर पद्मशाली आहेत, भोवतीच्या गावांतले आगरी आहेत, आझमगढहून आलेले मजूर आहेत. सूत मारवाड्याचं, माग मोमीन शेठचा, मागावर उभा राहणारा भैया नाहीतर पद्मशाली, आणि शटल तुटलं की सगळे माझ्या दारात.

धंदा माणसांना जोडतो, जोडलेली माणसं भांडत नाहीत, असं भाषणांत नेहमी ऐकतो. मला ते पटत नाही. ८४ च्या एप्रिलमध्येही आमच्या वहीत सगळ्या जातींची उधारी होती. १७ मे १९८४ ला तरी पेटलंच, आणि आग कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत गेली. अन्सारी बागेत आसऱ्याला गेलेल्यांना जाळून मारलं. मी तेव्हा विशीत. वडील पुढे कित्येक वर्षं त्या बाजूने गेले नाहीत, वळसा घालून जायचे. उधारी होती, ओळख होती. पण अपरात्री कुणाचं दार वाजवायचं, आणि वाजवलं तर आतला माणूस उघडेल का, याची खात्री कुणालाच नव्हती. पोलिसांच्या दाराची तर मुळीच नाही.

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. सत्तरच्या आसपास असतील. हिंदू-मुसलमान निम्मेनिम्मे. नेहमीचे पुढारी टाळून मागवाले, चहावाले, दुकानदार घेतले. आणि खरी मेख अशी की कमिटी चालवायची साहेबांनी नाही, त्या बीटच्या, म्हणजे तेवढ्या गल्ल्या ज्याच्या वाट्याला त्या हवालदाराने.

आमच्या गल्लीच्या कमिटीत मला घेतलं. वडील म्हणाले, ‘जा, पण सही कशावर करू नकोस.’ आमचा हवालदार साताऱ्याकडचा, भिवंडीत बदली म्हणजे शिक्षा समजणारा. वही उघडून बसायचा, चहा यायचा आणि कुणी बोलायचंच नाही. शेवटी एक मोमीन चाची म्हणाल्या, ‘साहब, दंगा बाद में रोकना, पहले नल में पानी लाओ.’ पाणी काही हवालदाराच्या हातात नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात तो नगरपालिकेत जाऊन बसला आणि निदान खांबावरचा दिवा लागला. मग बांध फुटला. गटार तुंबलंय, कचऱ्याची गाडी येत नाही, कारखान्याचं पाणी घरात शिरतं. पहिले कित्येक महिने ‘हिंदू’ किंवा ‘मुसलमान’ हा शब्दही कुणी काढला नाही. इतकी कंटाळवाणी बैठक मी आयुष्यात पाहिलेली नाही.

त्या कंटाळ्यात मात्र हवालदाराला कुठलं पोर कुणाचं ते कळलं, आणि चाचींना हवालदाराच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते कळलं. एकदा नाक्यावर दोन सायकली धडकल्या, हँडल लागून एका पोराचं तोंड फुटलं. तासाभरात ‘सुरा मारला’ अशी आवई गल्लीभर. पूर्वी एवढ्यावर शटर पडली असती. त्या दिवशी हवालदाराने दोन्ही बापांना ओढून चहाच्या टपरीवर बसवलं, पोराला सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवायला लावलं. दात हलत होता, एवढंच. कुठल्याही नोंदवहीत हे सापडणार नाही. जे घडलंच नाही त्याची नोंद कोण करणार?

६ डिसेंबर १९९२ च्या संध्याकाळी बाबरीची बातमी आली तेव्हा आमच्या नाक्यावर कमिटीची माणसं आळीपाळीने बसली. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली, श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. जिच्याकडे सगळं राज्य धास्तावून बघत होतं ती भिवंडी शांत राहिली. सगळं श्रेय कमिट्यांना देणारे लेख मी वाचलेत. तेवढं देऊ नये. ८४ ची धास्ती माणसांच्या पोटात होतीच, आणि माग बंद ठेवणं कुणालाच परवडणार नव्हतं. पण नुसत्या धास्तीने गाव शांत राहत असतं तर ७० नंतर ८४ झालं नसतं.

पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी कष्ट घेतले. आमच्याकडे मात्र साहेब बदलले आणि बैठका विरळ झाल्या. ५ जुलै २००६ ला कोटरगेटजवळ, कब्रस्तानाची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागेवरच्या पोलीस ठाण्यावरून जमाव जमला. गोळीबारात दोघे गेले, त्याच रात्री दोन पोलिसांना मारलं. ही हिंदू-मुसलमान दंगल नव्हती. भेग पोलीस आणि वस्ती यांच्यात पडली होती, म्हणजे कमिटीने जिथे टाका घातला होता नेमकी तिथेच. सहाच दिवसांनी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्यानंतर दंगल झाली नाही, ना तिथे, ना इथे. स्फोट घडवणाऱ्यांना काय हवं होतं हे एव्हाना लोकांना कळत असावं. २६/११ नंतर मरिन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना जागा नाकारली, तीही सरकारने सांगून नव्हे.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सरकारने २९ ची सुट्टी दिली. २०२४ मध्येही जुलूस पुढे ढकलला गेला. माझ्या मते राज्याच्या सुरक्षेचं त्या दोन वर्षांतलं मोठं काम हेच होतं, आणि ते चहा-बिस्किटांवर झालं. तरी २०२४ च्या विसर्जनाच्या रात्री आमच्या वंजारपट्टी नाक्यावर दगडफेक होऊन लाठीमार झालाच.

हल्ली सणांआधी शांतता समितीच्या बैठका होतात. सभागृह, माईक, मागे फ्लेक्स, पुढच्या दोन रांगा नगरसेवकांच्या आणि ज्यांना नगरसेवक व्हायचंय त्यांच्या. सगळे भाईचाऱ्यावर बोलतात, गटारावर कुणी बोलत नाही. अशाच एका बैठकीत मी उठून विचारलं, आमच्या बीटचा हवालदार कोण, त्याचा नंबर मिळेल का? व्यासपीठावरून सांगितलं, नंबर वारंवार बदलतात, तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपला जोडून घ्या. जोडून घेतलं. शेकडो माणसं आहेत, रोज सकाळी सुविचार येतो. लिहिता फक्त ॲडमिनला येतं.