सात नंबरच्या गाडीखालची आमची वाटचाल

एक कात्री, आठ स्टीलच्या वाट्या आणि न्यूयॉर्कची सात नंबरची मेट्रो गाडी एवढ्या सामानावर २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायकोने शहराच्या क्वीन्स भागात आमच्या खाद्यफेरीचा पहिला गट फिरवला. कात्री अजून तीच आहे, ठाण्याहून निघताना आईने बॅगेत टाकलेली. गाडीच्या शेवटच्या स्टेशनला, फ्लशिंगला, हाताने ताणलेल्या नूडल्सचा वाडगा समोर आला की चमच्याने तो आठ जणांत वाटता येत नाही, एकेक नूडल हातभर लांब असते. वाडग्यातच कात्रीने तीनदा कापायचं आणि मग वाट्यांत घालायचं. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, काट्याशी झटापट करत बसू नका, कात्री ठेवा आणि रोज रात्री उकळत्या पाण्यातून काढा.

आमचे गिऱ्हाईक म्हणजे मुलाकडे, मुलीकडे शेजारच्या न्यू जर्सीत एडिसनला किंवा जर्सी सिटीला सहा महिने राहायला आलेले आई-वडील. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघून झाला की त्यांना घरात कोंडल्यासारखं होतं. त्यांना आम्ही रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर आणतो. डोक्यावरच्या पुलावरून गाडी धडधडत जाते तेव्हा बोलणं थांबवायचं, ती गेली की पुढचं वाक्य. मी सुरुवात अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यापासून करतो. देशवार कोट्याची जुनी पद्धत त्या कायद्याने मोडली, म्हणून आज एकाच रुळाखाली ६९व्या रस्त्यावर फिलिपिनो खाणावळी, ७४व्यावर बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी दुकानं, आणि शेवटच्या स्टेशनला अख्खं चिनी शहर भेटतं. हे आधी सांगितलं की लोक नुसतं खात नाहीत, बघायलाही लागतात.

गट आठचाच, कारण मोमोच्या प्लेटीत आठ मोमो येतात. हा हिशोब मला मावशींनी शिकवला. मावशी तिबेटी, कर्नाटकात बैलकुप्प्याला वाढलेल्या, हिंदी आणि कानडी दोन्ही फर्डं. जॅक्सन हाइट्सला त्यांची मोमोची गाडी. आमच्या पहिल्या गटातल्या सांगलीच्या एका आजी त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ह्या तर मोदकाच्या कळ्या पाडतायत!" मावशींनी त्यांच्या हातात एक पारी दिली. आजींनी सोळा कळ्या पाडल्या. त्या दिवसापासून आमची फेरी तिथूनच सुरू होते. पिवळं लाफिंग, म्हणजे तिबेटी थंडगार तिखट गुंडाळी, समोर आलं की बायका सुरळीची वडी म्हणून हात पुढे करतात, आणि मग लसूण-मिरचीचा ठसका लागतो.

मोमो उकडायच्या थरांच्या पातेल्यात खालच्या थराची वाफ वर चढते आणि वरच्या मांसाच्या मोमोंचा रस खाली ठिबकतो. आमच्यातले अर्धे लोक शाकाहारी. मी काही न सांगता मावशींनी दुसऱ्या महिन्यात बटाट्याच्या मोमोंसाठी वेगळं लहान पातेलं घेतलं, स्वतःच्या पैशांनी.

आणि मग २०१७. एका मोठ्या टूर कंपनीची दोन माणसं तिकीट काढून आमच्या फेरीला तीनदा आली. प्रत्येक वेळी वहीत टिपून घेत होती. मला वाटलं, हौस आहे. उन्हाळ्यात त्यांचा फलक झळकला, "क्वीन्सचा मूळ फूड वॉक". तीच दुकानं, तोच क्रम, १९६५ सुद्धा तेच. फक्त गट चाळीसचा, हातात झेंडा आणि गळ्यात स्पीकर. पाच टेबलांच्या नूडलच्या दुकानात चाळीस माणसं शिरायची, चार वाडगे मागवायची, आणि पीठ ताणणाऱ्या पोराच्या तोंडासमोर मोबाईल धरायची. रोजचं गिऱ्हाईक दारातून परत जायचं. दोन महिन्यांत दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद लागला, गट नकोत. त्यांचा गट कोणता आणि आमचा कोणता, हे मालकांनी का ओळखावं? सातपैकी पाच दारं आम्हाला बंद झाली. अकरा बुकिंगचे पैसे परत केले. बायकोने तिचं पुण्याचं तिकीट रद्द केलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

तिबेटी-नेपाळी दुकानांत मावशी स्वतः माझ्याबरोबर आल्या, गाडी एक दिवस बंद ठेवून. "ये आठ लाता है, चालीस नहीं," एवढंच त्या प्रत्येक ठिकाणी म्हणाल्या. नूडलवाल्या काकांकडे मात्र मावशींचा शब्द चालणार नव्हता. तिथे मी दर मंगळवारी दुपारी तीनला एकटा गेलो. एक वाडगा, रोख पैसे, टिप, आणि बाहेर. काही मागितलं नाही. बाराव्या मंगळवारी काकांनी पैसे घेताना बोटांनी आठ दाखवले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घरी येऊन बायकोला सांगताना मला रडू आलं. तुम्हीही दुकानाशी बोलायचं असेल तर तीन ते पाचच्या मधल्या वेळेतच जा. गर्दीत विचारलं की उत्तर नाहीच येतं.

पुढची दोन वर्षं नीट गेली. मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. एल्महर्स्टचं रुग्णालय आमच्या वाटेवरच, तिथल्या रुग्णवाहिकांचे आवाज रात्रभर ऐकले. परदेशी प्रवाशांना दार उघडलं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. तोवर बायकोच्या डब्यांवर घर चाललं. फिलिपिनो खाणावळ एक कायमची गेली.

आता फेरी फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोशावर संपते. मावशींचा खांदा दुखतो, गाडी मुलगी चालवते. लहान पातेल्याला एका बाजूने पोचा आलाय, झाकण नीट बसत नाही, म्हणून ती त्यावर फडकं गुंडाळते. नवा नोकर ते मांसाच्या मोमोंना घ्यायला गेला की ती लांबूनच ओरडते, "वो नहीं, वो मराठीवाला है."