बाबांचा चेहरा, तिसरा प्रयत्न

आज सकाळी बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवले आणि १६ बाय २० इंचांच्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये त्यांचे व्यक्तिचित्र करायला घेतले. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाच्या पातळ मिश्रणाने केलेले रेखाटन तासाभरात बरे जमले. त्वचेचे रंग लावताना मात्र गाडी अडली. ॲक्रिलिकचे माध्यम, म्हणजे रंगद्रव्य ज्यात कालवलेले असते तो द्रव, ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे पॅलेटवर अगदी नेमकी जुळवलेली गालाची छटा थोड्याच वेळात गडद होऊन बसते, आणि तोवर कडा वाळल्यामुळे तैलरंगासारखे तिला शेजारच्या छटेत मिसळून घेण्याची सोयही उरत नाही. शेवटी पुढची प्रत्येक छटा मी मुद्दामच किंचित फिकट कालवली.

तरी साम्य काही येईना. डोळे सुरेख झाले होते, नाकही, पण चित्रातला माणूस बाबांचा कोणी चुलतभाऊ वाटत होता. कॅनव्हास आरशात पाहिला तेव्हा चूक कळली: नाक आणि ओठ यांतले अंतर मी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जास्त धरले होते आणि त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा, जो नेहमी जरा खाली झुकलेला असतो, तो मी सौजन्याने सरळ करून टाकला होता. वाळलेल्या थरावर जाड रंग चढवून ओठ पुन्हा काढले, कोपरा झुकवला आणि डोळ्यांना हातही न लावता चेहरा ओळखीचा झाला.

बाबा उठून आले, बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "हे तर आपले अण्णा दिसतात." अण्णा म्हणजे माझे आजोबा. कान अजून राहिले आहेत, ते रविवारी.