उलटा लावलाय का व्हिडिओ?

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार, रात्र

झोप येत नाहीये म्हणून लिहून ठेवते. संध्याकाळी सहाला पाच कमी असताना टेक्सासच्या बोका चिकाहून इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचं पाचवं उड्डाण झालं आणि जेमतेम सात मिनिटांत त्याचा खालचा टप्पा, तो सुपर हेवी बूस्टर, ७१ मीटर उंच, २०० टनांच्या वर वजन, जिथून उडाला तिथेच परत आला आणि टॉवरच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतल्या हवेत धरलं. मी किंचाळले. खरंच किंचाळले, आई आतून धावत आली की हिला झालं काय.

तिला पहिल्यापासून दाखवलं. शेवटाला ती म्हणाली, "अगं बाई, धरलं की!" आणि लगेच, "वर माणूस बसलाय का धरायला?" नाही गं, सगळं कॉम्प्युटर करतो. तिचा चेहरा असा की त्यापेक्षा माणूस बरा.

बाबांनी दोनदा बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "उलटा लावलाय का व्हिडिओ?"

मला इतका राग आला ना! इथे माझ्या अंगावर काटा आणि यांना शंका. मग जरा शांत झाल्यावर वाटलं की बरोबरच आहे की माणसाचं, जन्मभर रॉकेट फक्त वर जाताना बघितलंय, त्यातला खालचा भाग समुद्रात पडायचा नाहीतर जळून जायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही. म्हटलं बाबा, इंजिनाखाली बघा. धूर बाहेर पसरतोय. उलटा लावला असता तर सगळा धूर गोळा होऊन आत शिरताना दिसला असता.

त्यांनी अजून चारदा बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हं. बाहेरच जातोय. पण मग परत यायचं इंधन जातानाच उरवून ठेवावं लागत असेल ना, तेवढं सामान कमी नेता येणार." दिवसभरात ऐकलेली सगळ्यात शहाणी प्रतिक्रिया, आणि ती व्हिडिओ खोटा म्हणणाऱ्या माणसाची! अहो म्हणूनच तर या बूस्टरला पाय दिलेले नाहीत, म्हटलं. त्याच कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटच्या बूस्टरला पाय असतात, त्यांचंही वजन होतंच, इथे ते टॉवरवर सोडून दिलं. वरच्या जाळीच्या पंखांखाली दोन छोट्या खुंट्या आहेत, त्यांच्यावर तो अख्खा बूस्टर लटकला. उतरताना ३३ पैकी आधी १३ इंजिनं पेटली आणि शेवटी फक्त ३.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात निम्म्या लोकांना पत्ताच नाही. एकजण म्हणाला, "यात नवीन काय, हे दहा वर्षं चाललंय." आता काय बोलणार, फाल्कन ९ चे बूस्टर तीनशेच्या वर वेळा उतरलेत, त्यामुळे लोकांना ते लिफ्ट खाली आल्यासारखं वाटायला लागलंय. पण मला ती पहिली वेळ आठवते. आपल्याकडे २२ डिसेंबर २०१५ ची सकाळ, सातच्या सुमाराची, तिकडे अजून २१ चीच रात्र होती. त्याच वर्षी आधी दोन बूस्टर जहाजावर उतरताना फुटले होते, जूनमध्ये तर अख्खं रॉकेटच वर जाताना गेलं होतं, आणि त्यानंतरचं हे पहिलंच उड्डाण. तो बूस्टर उतरला तेव्हा स्पेसएक्सच्या ऑफिसात जमलेली पोरं "यूएसए, यूएसए" ओरडत होती. माझा त्या घोषणेशी काय संबंध, तरी डोळ्यात पाणी.

मग नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणे अब्जाधीशाचं खेळणं, कुणी म्हणे एकटा मस्क काय काय करतो बघा. दोन्ही ऐकून कंटाळा आला, कारण दोन्हीत ती हजारो माणसं नाहीतच जी तिथे वेल्डिंग करतात, कोड लिहितात. आणि "इस्रो कधी करणार" हा प्रश्न तर यायचाच होता. जूनमध्येच पुष्पक, इस्रोचं पुन्हा वापरता येणारं प्रायोगिक यान, तिसऱ्यांदा उतरलंय कर्नाटकात चित्रदुर्गला, साडेचार किलोमीटरवरून हेलिकॉप्टरने सोडलेलं, पण ते पंखवालं यान, धावपट्टीवर उतरणारं. गोष्ट वेगळी आहे. हे सांगितलं तर तोवर विषय क्रिकेटवर गेलेला.

खरं सांगायचं तर माझंही जरा चुकतंच. मला सगळ्यांनी माझ्यासारखंच किंचाळायला हवं असतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज एक भारी गोष्ट ऐकली. मस्कने स्वतःच टाकलेली क्लिप, हा गडी व्हिडिओ गेम खेळतोय आणि मागे इंजिनिअर त्याला त्या उड्डाणाचा हिशोब सांगतोय. इंजिनं पेटवताना त्यांचे पंप फिरवायला जो गॅसचा दाब लागतो ना, तो किती वेळात तयार व्हायला हवा याची सेटिंग चुकली होती. अजून एक सेकंद उशीर झाला असता तर बूस्टरने आपणहून पकड रद्द केली असती आणि टॉवरच्या बाजूला जमिनीवर आदळायचं ठरवलं असतं. एक सेकंद! आणि आम्ही इकडे टाळ्या वाजवत होतो.

यावर कुणाची काहीच प्रतिक्रिया नाही. ग्रुपवर टाकलं, एक अंगठा आला फक्त.

रात्री बाबांना सांगितलं. "एक सेकंद?" म्हणाले, चष्मा शोधला, आणि तो व्हिडिओ परत लाव म्हणाले. या वेळी धुराकडे बघत नव्हते, त्या दोन हातांकडे बघत होते.

आतून आईचा आवाज, "पण धरलं ना शेवटी?"