आधी पॉलिसी, मग खोली

सोमवार, रात्री

आजपासून ॲडमिशन काउंटरवर मी एकटी. ताई बिलिंगला गेल्या, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहेत, पण पेशंटचे नातेवाईक समोर उभे राहिले की ते अंतर फार वाटतं.

माझं काम घरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मावशी सगळीकडं सांगत सुटलीय की मी नर्स झाले. आजीचं म्हणणं, बी.कॉम. करून बँकेत चिकटायचं सोडून पोरगी दवाखान्यात कशाला गेली? आता आजीला कोण सांगणार की दिवसभर मी हिशेबच करते. फक्त ज्याला हिशेब सांगायचा, त्याचं माणूस त्या वेळी आत स्ट्रेचरवर असतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून लोकांना आजारपणात मिरजेला यायची सवयच लागली म्हणायची. जत, कवठेमहांकाळकडचे येतात तसे अथणी, कागवाड, रायबागचेही येतात. त्यामुळं काउंटरवर बसणाऱ्याला कामापुरतं कन्नड यावंच लागतं. ‘एष्टु रोक्क आगतदरी?’ हे वाक्य मला पहिल्यांदा कळायला लागलं. किती पैसे होतील. भाषा कुठलीही असो, काउंटरवर पहिला प्रश्न हाच.

आणि तिथंच अडतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड पुढं आलं की मी थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्याच्या, टेबलाकडं पाठवते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच पूर्वी दीड लाखाचं होतं, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. पण कर्नाटकातल्या गावचा माणूस आला की आधी गाव विचारायचं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीही महाराष्ट्रानं ही योजना लागू करायचं ठरवलं, त्यात त्याचं गाव बसतं का बघायचं. शेजारच्या दोन गावांतल्या दोन माणसांना दोन उत्तरं द्यावी लागतात, आणि दुसऱ्याला ते कसं पटवायचं हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

बुधवार

आज खोलीवरून बराच वेळ गेला.

एक दादा आईला घेऊन आले होते, पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन. विमा आहे म्हणाले. कार्ड बाहेर काढायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, खोली चांगली द्या. आईला जनरलमध्ये नाय ठेवायचं. विमा देतोय की सगळं.”

इथं ताईंचा नियम: आधी पॉलिसी, मग खोली. मी पॉलिसीची पीडीएफ मागवली आणि खोलीभाड्याची ओळ शोधली. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाडं रोज एक टक्का, म्हणजे तीन हजार. त्यांना हवी होती ती खोली साडेचार हजारांची.

बहुतेकांना वाटतं, वरचे दीड हजार आपण भरायचे, चार दिवसांचे सहा हजार, बास. तसं नसतं. आमच्याकडं खोलीचा दर्जा वाढला की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्याचे दर वाढतात. पात्रता तीन हजारांची आणि खोली साडेचारची, म्हणजे कंपनी त्या सगळ्या खर्चाचे दोन तृतीयांशच देते. त्यात नव्वद हजार झाले तर साठ मंजूर, तीस तुमचे. वरचे सहा धरून छत्तीस. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तेवढाच दिलासा. हातमोजे, ॲडमिशन किट असल्या न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्याच.

हे सगळं मी कागदावर लिहून दाखवलं. तोंडी सांगितलं तर लोकांना वाटतं आपल्याला स्वस्तातली खोली गळ्यात मारतायत. दादांनी कागद दोनदा वाचला, बाहेर जाऊन फोन केला, आणि ट्विन शेअरिंग घेतली. आई म्हणाली, “बरं झालं, बोलायला कोणतरी असंल.”

डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगला जी भांडणं होतात, त्यातली निम्मी तरी खोली निवडली त्याच घटकेला ठरलेली असतात, असं मला आता वाटायला लागलंय. काउंटरवर शांत, हसतमुख मुलगी हवी असं जाहिरातीत लिहितात. पॉलिसी वाचता येणारी हवी असं लिहायला पाहिजे.

शुक्रवार

सकाळी ऊसवाले काका पिशवीत रोकड घेऊन आले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख आम्हाला घेता येत नाही, आयकराचा नियम आहे. “पैशे हायत तरी नको म्हनताय?” काकांना हसावं की चिडावं कळेना. शेवटी मुलानं बँकेतून पाठवले.

दुपारी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी: बीपी कधीपासून आहे, पहिल्या तपासणीचा कागद पाठवा. पेशंटचा मुलगा हळूच म्हणाला, “ताई, दोनच वर्षं झाली असं लिहा ना.” केसपेपरवर डॉक्टरांनी सहा वर्षं लिहिलंय. मी म्हटलं, हा कागद डॉक्टरांचा आहे, माझं काम फक्त पाठवायचं. वर हेही सांगितलं की पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळायला आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, तुमची पॉलिसी पाच वर्षं चालू आहे आणि तिच्या फॉर्मवर बीपी नोंदवलेलं आहे, मग लपवायचं कशाला? संध्याकाळी मंजुरी आली. खोटं लिहिलं असतं तर दोन कागद जुळले नसते आणि क्लेमच लटकला असता.

डिस्चार्जच्या वेळची फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकानं २०२४ मध्येच कंपन्यांना बजावलंय. लोक ती बातमी मोबाईलवर दाखवतात. पण ते तीन तास आमची फाइल गेल्यावर सुरू होतात. उरलेली औषधं फार्मसीला परत करणं, टाइप न झालेली डिस्चार्ज समरी, राउंडला गेलेल्या डॉक्टरांची सही, यात जाणारा वेळ कुठल्या परिपत्रकात धरलेला नसतो. शिव्या मात्र कंपनीला बसतात. कधीकधी उगाचच.

रविवार

सुट्टी. आत्याचा फोन. तिला म्हटलं, पॉलिसी व्हॉट्सॲपवर पाठव, बघते. “पाच लाखांची आहे, बघायचं काय त्यात?” तरी पाठवली. खोलीभाड्याला मर्यादा नाही, चांगली आहे. पण आत एका तक्त्यात मोतीबिंदूला एका डोळ्यामागं चाळीस हजारांची मर्यादा. आत्याला पुढच्या महिन्यात त्याच ऑपरेशनला जायचंय, आणि लेन्स तिला परदेशीच हवीय.