सोलापूर–नळदुर्ग–तुळजापूर: जुनी कॅराव्हॅन आणि परतीचा पाऊस

सप्टेंबरमध्ये पत्र्याच्या छताची जुनी कॅराव्हॅन घेऊन सोलापूर–नळदुर्ग–तुळजापूर–सोलापूर असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा झाला. नळदुर्गपर्यंत हैदराबाद हायवे, तुळजापूरजवळ घाट, रस्त्याचं एवढंच. खरी परीक्षा छताची.

सोलापुरात गळतीचं मूळ पावसात नाही, उन्हात आहे. मे महिन्यात पहाटे २५ अंशांवर असलेला पत्रा दुपारी ६५ अंशांपर्यंत तापतो. पाच मीटर ॲल्युमिनियम तेवढ्यात साडेचार मिलिमीटर वाढतं, खालचं लाकूड फारसं वाढत नाही. रोजच्या या ओढाताणीत जुनं सीलंट (जोड बुजवणारा मसाला) कडक होऊन भेगाळतं. कळतं मात्र परतीच्या पावसात, म्हणून तपासणी जूनच्या आधीच उरका.

आतून ओल मोजायला दोन टोकांचा मॉइश्चर मीटर घ्या. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं तर पाणी शिरतंय. मग होजपाइपने, कमी दाबाने, खालून वर सरकत एकेका जोडावर पाच मिनिटं पाणी सोडा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि भोक सापडत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप छताला लावू देऊ नका, चांगला जोडही त्याने उचकटतो. डाग मागच्या पलंगाखाली दिसला, तरी पाणी पुढच्या बीडिंगमधून (जोडावर स्क्रूने बसवलेल्या पट्टीतून) आलेलं असू शकतं. ते लाकडी फ्रेमवरून वाहत जातं.

दुरुस्तीत सर्वाधिक घोळ सिलिकॉनचा. वरून फासलेलं सिलिकॉन दोन पावसाळे टिकलं तरी त्याच्या अंशावर पुढे काहीच चिकटत नाही. बीडिंग पूर्ण काढा, जुना मसाला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लाकूड भुसभुशीत असेल तर तेवढा तुकडा बदला. कुजलेल्या लाकडात स्क्रू पकडत नाही. बीडिंगखाली बुटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला: पाच मीटरच्या गाडीला दोन्ही बाजू आणि पुढचा-मागचा जोड धरून साधारण १५ मीटर लागते. स्क्रू स्टेनलेसचेच वापरा, गंजलेला जुना पुन्हा लावू नका. एकदम आवळू नका. टेप दबते, म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा हलक्या हाताने कसा. बाहेर आलेली टेप थंड वेळी कापा, उन्हात ती च्युइंगगमसारखी ताणते.

घाटाच्या वळणांवर बॉडी पिळते आणि वरचे कोपरे हलतात. तुळजापुरात थांबल्यावर आधी तिथेच हात फिरवावा. हायवेवर पाऊस समोरून मारतो तेव्हा छताच्या खिडकीची पुढची कडा तपासा, रबर चपटं झालं असेल तर बदलाच. मुक्कामाला गाडी किंचित उतारावर लावा, छतावर डबकं राहू नये. सोबत बुटाइल टेपचा छोटा गुंडाळा, थोडे स्क्रू, कोरडं फडकं आणि ताडपत्री असली की रात्र निभते. पण ताडपत्री सकाळी काढा, ओल आत कोंडली की बुरशी धरते.