बेचाळीस दिवस मोजायचे कुठून?

९ मे

२०१५ साली आजच्याच तारखेला पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया हा देश ‘इबोलामुक्त’, म्हणजे इबोला या जीवघेण्या विषाणूच्या साथीतून मुक्त, जाहीर झाला होता. त्यामागचा ४२ दिवसांचा हिशेब साधा आहे. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात, त्याची ही दुप्पट. मोजणी मात्र शेवटचा रुग्ण सापडला त्या दिवसापासून नाही करायची. त्याची चाचणी दुसऱ्यांदा निगेटिव्ह आल्यापासून करायची, आणि रुग्ण दगावला असेल तर दफनापासून. लायबेरियात ती २८ मार्चच्या दफनापासून धरली.

निर्बंध त्याआधीच सैल झाले होते. १६ फेब्रुवारीला शाळा उघडल्या. २२ला संचारबंदी उठली, सीमाही खुल्या झाल्या. दारोदारी क्लोरीनच्या, तोटी लावलेल्या बादल्या राहिल्या.

या बादलीतच जास्त गोंधळ होतो. ७० टक्के क्लोरीनची पावडर लिटरला ७ ग्रॅम घातली की ०.५ टक्क्याचं द्रावण होतं. ते फरशीला, भांड्यांना, मृतदेहाला. हातांसाठी त्याच्या दहाव्या हिश्शाचं, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १४ ग्रॅम. अंदाजाने डाव भरून टाकली की एक तर कातडी सोलते, नाहीतर विषाणू मरत नाही. कालचं पाणी आज चालत नाही, उन्हात ठेवलेलं तर नाहीच. आणि रक्त किंवा उलटी आधी पुसली नाही, तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं.

तरीही बादली हे दिसणारं काम. जे दिसत नाही ते आधी सोडून दिलं जातं, आणि धोका तिथेच असतो. मुक्तीच्या घोषणेनंतर, २०१५च्याच जूनअखेर लायबेरियात एका १७ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. उपचार मलेरियाचे चालले होते. दफनापूर्वी तोंडातून घेतलेल्या स्वॅबमुळे इबोला कळला. स्वॅब बंद केले असते तर?

बऱ्या झालेल्या पुरुषाच्या वीर्यात विषाणू कित्येक महिने राहू शकतो. म्हणून आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी चाचणी, पॉझिटिव्ह आली तर दर महिन्याला. आठवड्याच्या अंतराने दोनदा निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम. अशा माणसाला घराबाहेर काढायचं काहीच कारण नाही. त्याच्याशी हात मिळवून, शेजारी जेवून इबोला होत नाही.

लायबेरियाला मुक्तीची घोषणा आणखी तीनदा करावी लागली: ३ सप्टेंबर २०१५, १४ जानेवारी २०१६, ९ जून २०१६. तिथे हस्तांदोलन संपताना एकमेकांच्या बोटांनी टिचकी वाजवतात. साथ संपल्यावर ती खुशाल परत सुरू करावी. स्वॅबची नळी मात्र एवढ्यात कपाटात जाऊ नये.