माळ्यावरची बोचकी

गोधडी शिवणाऱ्या बाईच्या घरातले जुने कापड कधीच संपत नाही, हे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून सांगू शकते. एका गोधडीला तीन-चार जुनी लुगडी पुरतात आणि कडेपासून आत सरकत बारीक धावदोरा घालताना माझा अख्खा उन्हाळा जातो. माळ्यावर मात्र आजमितीस सात बोचकी आहेत. सासूबाईंची सुती नऊवारी, १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या धोतराचा विरलेला तुकडा, मुलाची झबली, यांतले काहीही टाकवत नाही. हल्लीच्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या असतात, त्या घाम शोषत नाहीत आणि सुईखाली सरकतात. म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड हाती आले की सोडवत नाही, हे माझे समर्थन. (यजमानांच्या मते ही केवळ उंदरांची सोय आहे.) गेल्या पोळ्याच्या आधी भांडेवालीला देण्यासाठी काढलेले एक बोचके मी तिच्या टोपलीतून परत उचलले आणि त्याच्या मोबदल्यात ठरलेले स्टीलचे पातेले रोख पैसे देऊन घेतले.